ल मोर्नचा डोंगर आणि आमचे गुडघे

गेल्या महिन्यात या सदराला खाडा पडला, तेव्हा काही वाचकांनी आपुलकीने आमच्या प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती उत्तम आहे. आम्ही उभयता मॉरिशसला जाऊन आलो, इतकेच. बडोद्याहून निघालो तेव्हा येथे भाद्रपदाचा उकाडा होता. तेथे उतरलो तो हिवाळ्याचे शेवटचे दिवस. सौ.नी शाल घेतली होती, आम्ही तिची थट्टा केली होती. पहिल्या संध्याकाळी ती शाल कोणाच्या खांद्यावर होती हे सांगण्याची आवश्यकता नाही.

चित्रांतल्या बेटांना माड असतात. येथील किनाऱ्यांवर माडांपेक्षा सुरूची झाडेच अधिक. त्यांच्या सावलीत बसून आम्ही दोन दिवस समुद्र पाहिला. शामारेलची सप्तरंगी माती पाहिली. ज्वालामुखीच्या खडकाची माती होताना उरलेल्या लोहाच्या ऑक्साइडांचे ते रंग. सकाळच्या उन्हात पाहावेत. ब्ल्यू बे येथे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळही पाहिले. हे सारे रम्य होते, पण कोणत्याही प्रवासीकंपनीच्या पुस्तिकेत ते आमच्याहून चांगले लिहिलेले सापडेल.

लिहावयाचे आहे ते ल मोर्नविषयी. बेटाच्या नैऋत्य टोकाला समुद्रातून उसळून वर आल्यासारखा हा डोंगर उभा आहे. उंची ५५६ मीटर, म्हणजे आपल्या पावागढाहून कमीच. त्या हिशेबावर आम्ही निर्धास्त होतो. पावागढ अलीकडे आम्ही रोपवेत बसूनच चढतो, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

बरोबर वाटाड्या होता. पंचविशीतला, काटक, हसतमुख. त्याच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून आलेले. घरात भाषा क्रिओल, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी. मराठी म्हणावी तर प्राथमिक शाळेतली काही अक्षरे आणि गणपतीची आरती. आमचे संभाषण अर्थातच इंग्रजीतून चालले.

पहिला टप्पा रुंद, झाडीतला, गप्पा मारीत जाण्याजोगा. एका वळणावर त्याने ‘बुक्ल दोरेय’ नावाचे फूल दाखविले. नावाचा अर्थ कानातले डूल. हे मॉरिशसचे राष्ट्रीय पुष्प, आणि रानात ते याच डोंगरावर उगवते, जगात अन्यत्र नाही. लाल, घंटेसारखे, खाली मान घातलेले. सौ.नी ते कानाशी धरण्याचा मोह आवरला, कारण तोडण्यास बंदी आहे.

पुढे मात्र वाट संपली आणि कातळ सुरू झाला. हातांनी धरायचे, पाय शोधायचा, मग शरीर वर ओढायचे. दहा मिनिटांत आमचे गुडघे स्वतंत्र मत मांडू लागले. “तुम्ही बसा हो इथे,” असे म्हणून सौ. दोर धरून वर निघून गेल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्या आमच्या पुढे गेल्याचे हे पहिलेच उदाहरण, असे आम्ही म्हणालो असतो. पण ते खरे नाही.

बसलो त्या जागेवरून खाली खाजण दिसत होते. आत फिकट हिरवे पाणी, मग प्रवाळांच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आणि तिच्यापलीकडे एकदम काळसर निळाई. ज्या ‘पाण्याखालच्या धबधब्या’ची छायाचित्रे सर्वत्र दिसतात तो इथेच, मात्र तो वाहत्या वाळूमुळे होणारा दृष्टिभ्रम असून विमानातूनच दिसतो.

वाटाड्या परत येऊन शेजारी बसला. मळ्यांवरून पळालेले गुलाम याच डोंगराच्या कपारींत लपून राहत, असे त्याने सांगितले. १८३५ साली गुलामगिरी संपली. तेव्हा ते वर्तमान घेऊन शिपाई वर येऊ लागले, आणि आपल्याला धरण्यासच आले असे समजून लपलेल्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी परंपरागत कथा आहे. २००८ पासून डोंगर जागतिक वारसा गणला जातो. “ते मोकळे झाले, मग उसाला माणसे हवीत म्हणून आम्हांला आणले,” तो म्हणाला. आदल्या दिवशीच आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला होता. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर बेटावर उतरले. घाटाला सोळा पायऱ्या आहेत. आम्ही त्या सहज चढलो होतो.

सौ. खाली आल्या, विजयी आणि धुळीने माखलेल्या. उतरताना वाटाड्याने खिशातून एक जीर्ण वही काढली. गणेशचतुर्थीला तेथे देशभर सुट्टी असते, आणि घरी आरती म्हणण्याचे काम यंदा त्याच्याकडे आले होते. आरती रोमन लिपीत उतरवलेली होती, आजीच्या तोंडून ऐकून. आम्हांला एकदम आमचा नातू आठवला. त्याचे अथर्वशीर्षही इंग्रजी अक्षरांतच आहे, आणि बडोदे तर रत्नागिरीपासून एका रात्रीच्या अंतरावर.

त्याने एका शब्दावर बोट ठेवले. “याचा अर्थ काय? आजीलाही ठाऊक नाही.”

साठ वर्षे आम्ही तो शब्द टाळ्या वाजवीत म्हणत आलो आहोत. आम्ही सौ.कडे पाहिले. सौ.नी समुद्राकडे पाहिले.