पूर्वसूरींचे माप

मेहरूणच्या बोरांचा हंगाम आला म्हणजे कलमी बोर आकाराने कितीही थोर असले, तरी जाणते गिऱ्हाईक केवळ तराजूच्या पारड्यावरून दोहोंचा निवाडा करीत नाही. बुद्धिबळाच्या क्षेत्रात मात्र, आजचे ग्रँडमास्टर श्रेष्ठ की गतकाळचे जगज्जेते, हा प्रश्न निघाला की आपण पहिल्याप्रथम तराजूच पुढे करतो. १९७२ साली बॉबी फिशर यांचे मानांकन २७८५ पर्यंत गेले होते, २०१४ साली मॅग्नस कार्लसन यांचे २८८२ झाले. तेव्हा ९७ गुणांनी निकाल लागला, अशी आपल्या विद्यार्थ्यांची समजूत होते, आणि ती दूर करण्याचे कर्तव्य आपणा प्रशिक्षकांचे आहे. आर्पाद एलो यांनी सिद्ध केलेली आणि फिडेने १९७० साली स्वीकारलेली ही पद्धती समकालीनांच्या परस्पर निकालांचा जमाखर्च मांडते. ज्यांची पटावर गाठच पडणे शक्य नव्हते, त्यांचा हिशेब त्या खतावणीत नसतो.

मग पूर्वसूरींचे माप कशाने घ्यावे? आमच्या मते, वारशाने त्यांच्या हाती काय आले आणि त्यात त्यांनी स्वतःची किती भर घातली, या दोहोंमधील अंतराने.

मीर सुलतान खान यांचे उदाहरण घ्यावे. ज्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरके आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे, त्या पद्धतीत वाढलेला हा पंजाबचा खेळाडू, युरोपीय नियमांशी परिचय होऊन जेमतेम काही वर्षे झाली असता, १९२९ साली लंडनला पोचतो, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवतो, १९३२ व १९३३ साली ते पुन्हा जिंकतो, आणि दरम्यान हेस्टिंग्ज येथे साक्षात कापाब्लांका यांना नमवतो. डावाच्या सुरुवातीचे त्याचे ज्ञान आजच्या होतकरू मुलाहूनही तोकडे असेल. परंतु ती उणीव त्याने मध्यडावात आणि अखेरीस केवळ स्वतःच्या विचाराने भरून काढली. फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली, त्यांच्या निधनानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

आपल्या महाराष्ट्राचा दाखला याहून जवळचा आहे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा तिच्या प्रवेशालाच हरकत घेतली गेली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना असा मज्जाव करता येणार नाही, हा निर्णय फिडेचे तत्कालीन अध्यक्ष व माजी जगज्जेते मॅक्स युवे यांना द्यावा लागला. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बातुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्यासरशी त्या ग्रँडमास्टर झाल्या, याचा आम्हांस निरतिशय अभिमान वाटतो. परंतु पटापाशी बसण्याचा जो अधिकार रोहिणीताईंना झगडून मिळवावा लागला, तो दिव्याला जन्मतःच मिळाला होता, हे विसरून त्या दोघींच्या चालींची तुलना करणे अन्यायाचे होईल.

अर्थात नव्या पिढीचा मार्ग सुकर आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पूर्वी डाव अपुरा राहिला तर पुढची चाल लिफाफ्यात बंद करून रात्रभर सहकाऱ्यांसह त्या स्थितीचा अभ्यास करता येई; आज सर्व काही एकाच बैठकीत, घड्याळाच्या काट्याखाली उरकावे लागते, आणि संगणकाची तीच शिदोरी समोरच्यापाशीही असते. सर्वांना एकच ज्ञान उपलब्ध असताना वेगळे काही शोधून काढणे, ही अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या गुकेश यांची भर आहे, आणि ती लहान नव्हे.

२०१३ ची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्या जळगावात झाली व कृष्णन शशिकिरण विजयी झाले. असा मान मिळालेल्या जिल्ह्यातील प्रशिक्षकांस आमची विनंती एवढीच, की जुना डाव शिकवताना संगणक प्रथम बंद ठेवावा. डावाचे साल आणि त्या काळी काय ठाऊक होते, ते सांगावे. पुढील चाल झाकून विद्यार्थ्यास वीस मिनिटे विचार करू द्यावा. त्याचे उत्तर कागदावर उतरवून घ्यावे. आणि मगच इंजिनाचा कौल पाहावा. जुन्या उस्तादाची चूक इंजिन क्षणात दाखवील. परंतु ती चाल एकट्याने शोधताना काय करावे लागले असेल, हे त्या वीस मिनिटांतच मुलास उमगेल. तसेच जळगाव-धुळ्याच्या जुन्या स्पर्धांतील डावांच्या हस्तलिखित नोंदी ज्यांच्या दप्तरात पडून असतील, त्यांनी त्यांची नक्कल आमच्याकडे अवश्य धाडावी. आपल्या खानदेशाच्या पूर्वसूरींचे माप घ्यावयाचे तर त्यांचे डाव आधी हाती हवेत.