मोबाइलवरचं स्टिकर आणि स्टीलचा डबा

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, मोबाइलला ते रेडिएशन अडवणारं स्टिकर लावू का?’ माझं मत विचाराल तर लावू नका. लहरी अडवण्याचं शास्त्र खरं आहे, पण ते स्टिकरमध्ये नाही.

सर्किटमध्ये वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते, त्यामुळे बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा छोट्या अँटेनासारख्या वागतात. प्लॅस्टिकची पेटी या लहरी अडवत नाही. १९७७ साली अमेरिकेत टँडी कंपनीचा टीआरएस-८० हा संगणक आला. तो इतक्या लहरी बाहेर टाकायचा की काही खेळांचा आवाज ऐकायला लोक शेजारी चक्क एएम रेडिओ ठेवत! मुलांना सांगा, फार आवडतं त्यांना हे. पुढे तिथल्या सरकारने लहरींवर मर्यादा घातली आणि जानेवारी १९८१ पासून ते मॉडेल तिथे विकणं थांबलं.

यावरचा एक उपाय म्हणजे पेटीला आतून वाहक रंग देणं. त्यात तांबं, निकेल किंवा चांदीचे कण असतात. हा थर सलग हवा, सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला हवा आणि बाकी कुठे टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट झालाच म्हणून समजा. काही मोबाइलमध्ये तर असा धातूचा थर थेट चिपवरच चढवतात, जाडी फक्त काही मायक्रॉन.

आता स्टिकर. ते फोनला सगळीकडून वेढत नाही, म्हणजे कवच नाहीच. आणि खरंच अँटेना झाकला तर? रेंज कमी झाली की फोन उलट जास्त ताकदीने लहरी सोडतो. पूर्ण झाकलेल्या फोनवर कॉल येणारच नाही, मग फोन घ्यायचा कशाला?

हे वर्गात दाखवायला खर्च नाही. एएम स्टेशन लावलेला ट्रान्झिस्टर स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा, आवाज जातो. मग मोबाइल ठेवून कॉल करा. बहुतेक वेळा वाजतो! मुलं गोंधळतात, आणि धडा खरा तिथेच सुरू होतो. एएमची लहर सुमारे ३०० मीटर लांब असते, मोबाइलची १८०० मेगाहर्ट्झला जेमतेम १७ सेंटिमीटर. झाकणाची फट पहिलीला नगण्य, दुसरीला दरवाजा. वाहक रंग पेटीच्या सांध्यापर्यंत का न्यावा लागतो, हे इथे आपोआप कळतं. पुस्तकातल्या आकृतीने हे कधी कळलेलं मी तरी पाहिलं नाही.

घरी बंद पडलेला कीपॅडचा मोबाइल असेल तर बॅटरी काढून मुलांसोबत उघडा. आतल्या प्लॅस्टिकवर चकचकीत थर दिसला तर त्यावर मल्टिमीटर लावून बघा, बीप वाजतो का. चार्जर आणि जुना टीव्ही मात्र उघडू नका, त्यांच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते.