उणे तीन की दोनशे त्रेपन्न?
‘ॲपल टू’मधल्या, १९७५ सालच्या ६५०२ प्रोसेसरचं सोंग लॅपटॉपला घ्यायला लावायचा माझा उद्योग सध्या चालू आहे. या आठवड्यात साधी उलटी मोजणी बिनसली: दर फेरीला तीन बाइट मागे यायचं, तर प्रोग्राम २५३ बाइट पुढे पसार! घोळ माझाच. आठ बिटांत उणे तीन आणि २५३ यांचा चेहरा एकच, ११११११०१. बेरजेत फरक पडत नाही (घड्याळाचा काटा तीन तास मागे न्या की नऊ तास पुढे, पोचतो तिथेच). उडी मारताना मात्र प्रोसेसर तोच आकडा सचिन्ह धरतो. सी भाषेनं तर ‘कॅर’ या बाइटच्या प्रकाराला चिन्ह असावं की नाही हे कंपायलरच्या मर्जीवर सोडलंय, हा शुद्ध बेजबाबदारपणा. मी आता सगळे बाइट बिनचिन्हाचेच ठेवतो. उडीपुरतं १२७च्या वरच्या आकड्यातून २५६ वजा करतो.