गेमिंग मॉनिटर : हौस, गरज की इसराफ?

मुंब्रा-कौशापासून कल्याण-भिवंडीपर्यंतच्या आपल्या घरांत हल्ली एक वाद ऐकू येतो. मुलाला गेमिंग मॉनिटर हवा असतो, तोही 'जी-सिंक' किंवा 'फ्रीसिंक' लिहिलेला. वडील म्हणतात, साधा मॉनिटर चालू असताना हा इसराफ कशाला? मुलगा म्हणतो, अब्बा, तुम्हाला यातलं कळत नाही. मला दोघांचंही अर्धंच पटतं. ही वस्तू नेमकं काय करते, ते आधी पाहू.

साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. त्याचा ठेका ठरलेला असतो. ग्राफिक्स कार्डाचं तसं नसतं. मोकळा रस्ता दाखवताना ते सेकंदाला ९० चित्रं देईल, धूर आणि गर्दी आली की ५० वर येईल. मेळ बसला नाही की पडद्यावर वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्या चित्राचा दिसतो, म्हणजे चित्र फाटतं. यावरचा जुना उपाय व्ही-सिंक. त्यात कार्डाला पडद्यासाठी थांबावं लागतं, त्यामुळे खेळ अडखळतो आणि माउस हलवल्याचा परिणाम उशिरा दिसतो. नव्या तंत्रात पडदाच कार्डासाठी थांबतो. शिक्षकाने मुलांच्या लिहिण्याच्या वेगाने फळ्यावर लिहावं, तसं. तेव्हा फरक खरा आहे, निव्वळ जाहिरात नाही.

पण त्याचे पैसे किती द्यायचे? एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, तेव्हा मॉनिटरमध्ये त्यांचं वेगळं मॉड्यूल बसवावं लागे आणि त्याचा भार गिऱ्हाइकावर पडे. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने असंच तंत्र डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतलं. एएमडीच्या फ्रीसिंकला वेगळं मॉड्यूल लागत नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डं अशा मॉनिटरवर चालू दिली. त्या वेळी त्यांनी तपासलेल्या ४०० मॉनिटरपैकी १२ च त्यांच्या कसोटीला उतरल्याचं कंपनीने सांगितलं होतं. हे ऐकून घाबरू नये, पण सगळे फ्रीसिंक मॉनिटर सारखे नसतात, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

माझं मत असं : या सोयीसाठी थोडे जास्त पैसे द्यावेत, नावाच्या शिक्क्यासाठी फार देऊ नयेत. यात एक गंमतही आहे. तिचा सर्वांत जास्त उपयोग महागड्या कार्डवाल्याला होत नाही, मध्यम कार्डवाल्याला होतो. ज्याचं कार्ड ५० ते ९० च्या दरम्यान हेलकावे खातं, त्याला खेळ एकदम सुरळीत वाटतो. त्याचं जुनं कार्ड आणखी दोन वर्षं चालून जाऊ शकतं. याला मी इसराफ म्हणणार नाही, ही तर बचत झाली.

उलट मुलगा फक्त मोबाईलवर खेळत असेल, किंवा कॉम्प्युटर अभ्यास आणि ऑफिसच्या कामापुरता असेल, तर या सोयीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

लॅमिंग्टन रोडला जा, डोंबिवलीच्या दुकानात जा, नाहीतर ऑनलाइन घ्या, चार गोष्टी बघाच. एक, सोय किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालते? ४८ ते १४४ असेल तर चांगलं. ४८ ते ७५ असेल तर कार्ड ४८ च्या खाली गेल्यावर मॉनिटर सांभाळू शकत नाही, कारण तेच चित्र दोनदा दाखवायला वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या किमान दुप्पट लागते. दोन, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर डिस्प्लेपोर्टची जागा आणि केबल आहे का? तीन, त्याच आकाराच्या, तेवढ्याच हर्ट्झच्या साध्या मॉनिटरची किंमत विचारून खरा फरक काढा. चार, घरी आल्यावर विंडोजमध्ये हर्ट्झ वाढवा आणि मॉनिटरच्या मेनूत ही सोय चालू करा. अनेक घरांत १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पैसे वाया जातात ते इथे.

अब्बांनी 'नाही' म्हणण्याआधी मुलाला कार्डाचं नाव आणि या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून आणायला सांगावं. ज्याला ती लिहिता येतील, त्याची मागणी निदान ऐकून घेण्याजोगी आहे.