भूतदयेची अपुरी राहिलेली जबाबदारी

काशीहून आणलेल्या कावडीतील गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे पैठणचे संत एकनाथ आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव यांच्या कथा मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. दत्तप्रभूंच्या चरणांशी श्वान आहेत, खंडोबाच्या परिवारातही श्वानाला मान आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरातील खंडोबाच्या दर्शनाला चंपाषष्ठीस लोटणाऱ्या भाविकांना मुक्या जिवांवर दया करा, हे नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत आजही घराघरांतील वृद्धांच्या तोंडी ऐकू येते.

असे असूनही घरची कुत्री किंवा मांजर व्याली की त्या पिल्लांचे काय होते, हा प्रश्न मात्र सोयीस्करपणे टाळला जातो. एक-दोन पिल्ले परिचितांच्या घरी जातात. उरलेली एखाद्या रात्री पिशवीत घालून मंडईच्या कडेला, देवळाच्या आवारात किंवा शहराबाहेरच्या रस्त्यावर सोडली जातात. 'मारले तर नाही, सोडून दिले', असे समाधान मानले जाते. आईच्या दुधावाचून आणि लसीवाचून रस्त्यावर आलेल्या त्या पिल्लांपैकी बरीचशी भुकेने, रोगाने वा वाहनाखाली मरतात आणि जी जगतात ती मोकाट प्राण्यांच्या संख्येत भर घालतात. सोने वाहण्याच्या धाकाने टळलेले पाप अशा रीतीने दुसऱ्या वाटेने घरात शिरते. म्हणूनच पाळीव कुत्र्या-मांजरांचे निर्बीजीकरण हा केवळ पशुवैद्यकाचा विषय नसून गृहस्थाच्या कर्तव्याचा विषय आहे.

यामागील गणित साधे आहे. कुत्री सामान्यतः वर्षातून दोनदा माजावर येते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि एका वेळी चार ते सहा पिल्ले सहज होतात. मांजरीची गती त्याहून अधिक. चार-पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते आणि पिल्लांना पाजत असतानाच तिला पुन्हा गर्भ राहू शकतो. मांजर पिल्लांना सात घरे फिरविते म्हणतात, पण दरवर्षी दोन-तीन वेळा जन्मणाऱ्या पिल्लांना पुरतील इतकी घरे सिडको-हडकोत नाहीत आणि गारखेड्यातही नाहीत. 'आमच्याकडे नर आहे, आम्हाला काय त्याचे', असे म्हणणाऱ्यांनीही विचार करावा. मोकळा सुटलेला एक नर वस्तीतील अनेक माद्यांना गाभण करतो. त्याची पिल्ले मालकाला दिसत नाहीत, इतकाच काय तो फरक.

निर्बीजीकरणाला आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत. पहिला आक्षेप असा की हे निसर्गाविरुद्ध आहे. परंतु मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हा आक्षेप फारसा पटणार नाही. पोळ्याला ज्याच्या अंगावर झूल चढते, ज्याला पुरणपोळीचा घास भरविला जातो आणि ज्याच्यापुढे घरधनी हात जोडतो, तो बैल म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हाच असतो. पूजा आणि खच्चीकरण यांत विरोध आहे, असे या कृषिसंस्कृतीने कधी मानले नाही. माणसाने ज्या प्राण्याला आपल्या दावणीला बांधले, त्याच्या प्रजननाची जबाबदारीही माणसावर येते, हा त्यामागचा व्यवहार होता. बैल बडविण्याची जुनी रीत वेदनादायक होती, हे मान्यच करावे लागेल. आज मात्र कुत्र्या-मांजरांची शस्त्रक्रिया भूल देऊन होते. मादीचे अंडाशय व बहुधा गर्भाशय काढले जाते, नराचे वृषण काढले जातात. साधारण दहा दिवसांत जखम भरते. तोवर प्राणी टाके चाटणार नाही, एवढी काळजी घ्यावी लागते.

दुसरा समज असा की मादीला निदान एकदा तरी मातृत्व लाभू द्यावे. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी राहतो. उतारवयात गर्भाशयात पू होऊन जिवावर बेतणारा विकार तर गर्भाशय व अंडाशय काढल्यावर उद्भवण्याचे कारणच उरत नाही. समागमातून पसरणारी कर्करोगाची गाठ मोकाट कुत्र्यांत आढळते आणि भटकणाऱ्या पाळीव कुत्र्यालाही ती जडते. शस्त्रक्रियेनंतर कुत्रा राखण करीत नाही, हाही गैरसमजच. वजन वाढू शकते, पण ते बेताच्या आहाराने आणि रोजच्या फिरण्याने आटोक्यात राहते. मोठ्या चणीच्या जातींत शस्त्रक्रिया फार लवकर केल्यास सांध्यांचे विकार संभवतात. त्यामुळे योग्य वय कोणते, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

हा प्रश्न घराच्या उंबरठ्यापुरता नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्रे मोजले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात आणि मानवी रेबीजचे ९९ टक्के प्रसंग कुत्र्यांपासून उद्भवतात. श्वानदंशानंतर घाटी रुग्णालयात लसीसाठी लेकराला कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्या आईला हे आकडे सांगावे लागत नाहीत. रेबीजची साखळी तोडण्यासाठी वस्तीतील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते. परंतु दर हंगामात लस न टोचलेली नवी पिल्ले रस्त्यावर येत राहिली, तर आज गाठलेले प्रमाण उद्या घसरते. जन्म रोखल्यावाचून लसीकरण टिकत नाही, ते असे.

कुत्रे मारून टाकणे हा उपाय आपल्या समाजाला कधी रुचला नाही. जून १८३२ मध्ये इंग्रज सरकारच्या श्वानहत्येच्या हुकुमाविरुद्ध मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि हिंदूही त्यात सामील झाले. स्वतंत्र भारतात २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारला आणि नियंत्रित प्रजनन, लसीकरण, निर्बीजीकरण व परवाना यांची जबाबदारी पाळीव कुत्र्याच्या मालकावर टाकली. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील कुत्र्यांबाबत आदेश देताना, रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्रे वगळून इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांसारख्या आवारांतून कुत्रे हटविण्याचा आदेश झाला. न्यायालये आणि महापालिका रस्त्याचा विचार करतील, पण रस्त्यावर घरातून येणारी भर थांबविणे केवळ कुटुंबांच्याच हाती आहे.

त्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. वस्तीत कार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या गल्लीतील पाळीव प्राण्यांची यादी करावी. गणेशोत्सव मंडळांनी व गृहनिर्माण संस्थांनी पशुवैद्यकांच्या साह्याने लसीकरणाचा दिवस ठरवावा आणि तेथेच शस्त्रक्रियेसाठी नावनोंदणी करावी. खर्च न झेपणाऱ्या कुटुंबासाठी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, उणे पडेल ते शेजाऱ्यांनी उचलावे. नवे पिल्लू घरी आणतानाच लसीच्या वेळापत्रकाबरोबर शस्त्रक्रियेचा महिनाही वहीत लिहून ठेवावा. घरात आलेल्या जिवाला घास घालणे ही दया खरीच, पण ज्यांना घास घालता येणार नाही असे जीव आपल्या हयगयीमुळे जन्माला येऊ न देणे, हाही त्याच दयेचा भाग आहे. प्राणी पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे कर्तव्य येत्या वर्षात पार पाडावे.