कंबर वर घ्यायला लाज कशाची?

वसई-विरारमध्ये २०११ साली महापौर मॅरेथॉन सुरू झाली. बायांनी रस्त्यावर धावणं त्यामुळे थोडं तरी सवयीचं झालं. चांगलंच झालं. पण शंभर मीटरच्या शर्यतीबद्दल आपण संघटनांमधल्या बाया बोलतच नाही. 'वेग उपजतच लागतो' म्हणून विषय सोडून देतो. ही समजूत तपासायला हवी. शर्यतीची सुरुवात ही शिकण्याची गोष्ट आहे. आणि जे शिकवावं लागतं, ते कुणाला शिकवलं जातं आणि कुणाला नाही, हा आपला प्रश्न आहे.

'सेट' म्हटल्यावर धावणारी हाताच्या बोटांवर भार घेते आणि कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर उचलते. पुढचा गुडघा साधारण काटकोनात, मागचा त्याहून बराच उघडा. अशा कोनांत मांड्यांचे आणि ढुंगणाचे मोठे स्नायू पूर्ण जोर लावू शकतात. पिस्तूल वाजलं की दोन्ही पाय ब्लॉकला मागे रेटतात आणि शरीर पुढे फेकलं जातं. मागचा पाय आधी सुटतो, पुढचा जास्त वेळ रेटत राहतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. धावणारी लगेच ताठ उभी राहिली तर जोर वर जातो, पुढे जात नाही.

आता आपल्या मुलींकडे पाहा. पाय जवळ घे, वाकताना ओढणी सांभाळ, मागून कोण बघतंय याचं भान ठेव, असं ज्या मुलीला वर्षानुवर्षं बजावलं, ती भर मैदानात कंबर वर कशी घेईल? ती अर्धवट उचलते, गुडघे दुमडलेलेच राहतात, सुटल्याबरोबर ती उभी होते. मग शेरा मिळतो, 'मुलींना स्टार्ट जमत नाही.' स्नायूंत काही उणं नसतं. अडते ती लाज, आणि ती लाज आपणच शिकवलेली असते.

माप कुणाचं, हेही विचारायला हवं. आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जोर लावला तर फाउल धरतात, आणि तो जोर ब्लॉकला जोडलेलं यंत्र मोजतं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बायकांचा प्रतिसाद पुरुषांपेक्षा उशिरा नोंदला गेला. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की जोराची मर्यादा दोघांना एकच ठेवल्याने हा फरक दिसतो. बायकांसाठी ती २२ टक्क्यांनी कमी केली तर फरक उरत नाही. म्हणजे बाया मंद नव्हत्या, माप त्यांचं नव्हतं.

पुरुषांची शंभर मीटर शर्यत १८९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. बायकांना १९२८ पर्यंत थांबावं लागलं. आपल्याच पश्चिम रेल्वेवरच्या वांद्र्याची मेरी डिसोझा १९५२ साली हेलसिंकीला १०० आणि २०० मीटर धावली. तिच्या प्रवासाचे पैसे मित्रमंडळींनी गोळा केले होते. मुलीचा वेग घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी वर्गणी काढून जपायचा, हे किती दिवस चालवायचं?

मैत्रिणींनो, आपापल्या वस्तीतल्या शाळेत आणि महानगरपालिकेच्या मैदानावर जाऊन विचारा: स्टार्टिंग ब्लॉक आहेत का? असतील तर कपाटात की मैदानात? मुलींसाठी ठरलेली वेळ आहे का? कपडे बदलायला खोली आणि संडास आहे का? शिकवायला बाई आहे का? धावायला सोयीचे कपडे घातले म्हणून कुणी मुलीला बोलतं का? उत्तरं लिहून घ्या, नगरसेवकांसमोर ठेवा.

आणि घरात एक करा. मुलगी वाकली की ओढणीची आठवण करून देऊ नका. पाय घट्ट रोवायला आणि जोर लावायला सांगा.