बायोसचा पासवर्ड बिलावर लिहा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून आदिलाबाद जिल्ह्यातल्या लॅपटॉप दुरुस्ती करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार दिसते. दुकान शहरातले असो की बेला, जैनथ, तामसीकडचे. जुना लॅपटॉप टेबलावर येतो, गिऱ्हाईकाला त्यावर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकून हवे असते, आणि मशीन पेनड्राइव्हवरून बूट होत नाही. ‘घेऊनच नाही राह्यला’ एवढेच गिऱ्हाईक सांगते. पैनगंगेपलीकडून, पांढरकवड्याच्या बाजूने आलेल्या मशीनांचीही हीच कथा.

पेनड्राइव्ह जीपीटी की एमबीआर, चार जीबीपेक्षा मोठी विम फाइल एफएटी३२ वर का मावत नाही, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शिफ्ट दाबून शटडाउन का करायचे, अकराव्या पिढीच्या मशीनांत व्हीएमडी ड्रायव्हरवाचून डिस्क का दिसत नाही, हे सारे आम्ही इथे उगाळत बसणार नाही. ज्यांना हे अजून येत नाही त्यांनी आधी ते शिकावे आणि मगच दुसऱ्याच्या मशीनला हात लावावा.

नवी अडचण प्रमाणपत्रांची आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. विंडोजच्या बूट मॅनेजरच्या प्रमाणपत्राची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे येत आहेत. मुदत संपली म्हणून चालते मशीन बंद पडत नाही; बूट घटकांच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या तेवढ्या मिळत नाहीत. तेव्हा जूनची भीती घालून कोणी गिऱ्हाईकाच्या गळ्यात नवा लॅपटॉप मारू नये. आपल्या कामात अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. ब्लॅकलोटस बूटकिटच्या प्रकरणानंतर ज्या मशीनांत २०११ चे प्रमाणपत्र डीबीएक्स या रद्द सह्यांच्या यादीत गेले, त्यांवर तुमचा दोन वर्षे खिशात फिरणारा पेनड्राइव्ह चालणार नाही. पेनड्राइव्ह धडधाकट आहे, पोर्टही धडधाकट आहे. सही रद्द झालेली आहे. २०२३ च्या सहीचा बूट मॅनेजर असलेला पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

याची उलटी बाजू अधिक घातक आहे. मशीनवर २०२३ च्या सहीचा बूट मॅनेजर बसलेला असतो. आपण सवयीने बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच्या किल्ल्या मूळपदावर आणतो. काही मशीनांत त्या झटक्यात नवे प्रमाणपत्रच पुसले जाते आणि जी डिस्क कालपर्यंत नीट चालत होती तिलाही मशीन नाकारते. अशा वेळी फॉरमॅट मारू नका. अद्ययावत विंडोज असलेल्या दुसऱ्या मशीनच्या विंडोज फोल्डरात, बूटमधल्या ईएफआय फोल्डरात, सिक्युअरबूटरिकव्हरी नावाची ईएफआय फाइल असते. ती एफएटी३२ पेनड्राइव्हच्या ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४ या नावाने ठेवा आणि त्यावरून मशीन उठवा. प्रमाणपत्र परत बसते. गिऱ्हाईकाचे फोटो, सातबारा, मुलांचे दाखले सगळे जागच्या जागी राहते.

पण पत्रांचा ढीग वाचून सर्वांत जास्त संताप येतो तो बायोसच्या सुपरवायझर पासवर्डवर, आणि इथे दोष कंपन्यांवर ढकलून भागणार नाही. एसरच्या अनेक मॉडेलांत सुपरवायझर पासवर्ड टाकल्याशिवाय सिक्युअर बूटचा पर्याय फिकटच राहतो, हाताला लागत नाही. म्हणून आपला माणूस तात्पुरता पासवर्ड टाकतो, काम उरकतो आणि पासवर्ड न काढता मशीन गिऱ्हाईकाच्या हाती देतो. गिऱ्हाईकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण विंडोज चालू होताना तो पासवर्ड कधी विचारला जात नाही. वर्षा-दोन वर्षांनी तेच मशीन दुसऱ्या दुकानात जाते. एफ१२ चा बूट मेनू बंद, बायोसला कुलूप, पहिला कारागीर हैदराबादला नोकरीला गेलेला. ही कुलपे आपल्याच धंद्यातल्या हातांनी लावली आहेत आणि त्याचा भुर्दंड कापसाचे पैसे आल्यावर मुलीसाठी जुना लॅपटॉप घेणाऱ्या शेतकऱ्याला पडतो. कंपनीकडे जायचे तर हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे, आणि तिथे खरेदीचे बिल मागतात. काही व्यावसायिक मालिकांत तर हा पासवर्ड हरवला की मदरबोर्ड बदलणे हाच अधिकृत उपाय आहे.

सरकारी मशीनांची तऱ्हा याहून वाईट. जिल्ह्यातल्या एका वाचकाने कळवलेला प्रकार आम्ही कार्यालयाचे नाव न घेता देतो. पुरवठादाराने लॅपटॉप देताना यूएसबी बूट बंद केला आणि बायोसला पासवर्ड लावला. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पुढे पुरवठादाराचा करार संपला. विंडोज बिघडले तेव्हा कार्यालयाने आमच्या वाचकाला बोलावले आणि आधी अंदाजपत्रक मागितले. तपासल्याशिवाय अंदाजपत्रक देता येईना, आणि पासवर्डवाचून तपासता येईना. पासवर्डसाठी वरच्या कार्यालयाला पत्र गेले. तिकडून उत्तर आले की मशीनची खात्री पटण्यासाठी बायोसच्या पहिल्या पानाचा फोटो जोडावा. ते पान पासवर्डच्या आत आहे, हे उत्तर लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नाही आणि फोनवर सांगूनही ते त्याने मानले नाही. अनुक्रमांक मशीनच्या पाठीवर छापलेला आहे, त्याचा फोटो त्याला चालला नाही. मशीन कपाटात आहे. लोक रांगेत आहेत. स्टॉक रजिस्टरमध्ये खुर्चीचा नंबर लिहिला जातो, पंख्याचा लिहिला जातो. लॅपटॉपचा बायोस पासवर्ड बंद पाकिटात घालून त्याच रजिस्टरच्या जबाबदारीवर ठेवायला कोणता शासन निर्णय लागतो? कार्यालयप्रमुखाने एका दुपारी करण्यासारखे हे काम आहे.

अशा कोंडीत काही जण सीएच३४१ए प्रोग्रामर काढतात, चिप वाचतात, बिन फाइल साफ करून परत लिहितात. हे कसब आहे आणि आम्ही त्याची किंमत जाणतो. पण मालकीचा कागद पाहिल्याशिवाय हे करणे म्हणजे चोरीच्या मालाला वाट करून देणे आहे. शिवाय दुसरा धोका आहेच. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवी मांडणी केली की बहुतेक मशीनांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते. सिक्युअर बूट बंद केला, बायोस बदलला, टीपीएम साफ केला की पुढच्या वेळी चालू करताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की गिऱ्हाईकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि ते खाते पुष्कळदा लॅपटॉप विकणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेले असते! मग डेटा कायमचा गेला. पेनड्राइव्ह बूट करण्याच्या घाईत गेला.

म्हणून मित्रहो, आता विनंती नाही, आग्रह आहे. मशीन हातात घेतल्यावर स्क्रू काढण्याआधी रिकव्हरी की विचारा. नसेल तर गिऱ्हाईकासमोर त्याच्याच फोनवर त्याच्या खात्यात शोधा. लिनक्स टाकायचे असेल तर सिक्युअर बूट बंद करण्याआधी थर्ड पार्टी यूईएफआय सीए हा पर्याय बायोसमध्ये चालू आहे का ते पाहा; २०२२ नंतरच्या काही मशीनांत तो मुळातच बंद येतो, आणि तेवढे एक बटण फिरवल्यावर काम होते. व्हेंटॉय वापरत असाल तर पहिल्या वेळी त्याची किल्ली नोंदवून घ्या. काम संपल्यावर सिक्युअर बूट परत चालू करा. आणि तात्पुरता टाकलेला सुपरवायझर पासवर्ड काढा. गिऱ्हाईकाने ठेवायला सांगितला तर तो त्याच्या बिलावर मोठ्या अक्षरांत लिहा, बिल मराठीत असो की तेलुगूत, आणि त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.

आदिलाबादच्या दुकानदारांनी एवढ्यावर थांबू नये. दहा-पंधरा जणांच्या सह्यांचे एक निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावे: दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक सरकारी लॅपटॉपसोबत बायोस पासवर्डचे बंद पाकीट यावे, पुरवठादाराचा करार संपण्याआधी तो पासवर्ड कार्यालयाने लिहून घ्यावा, आणि ओळखीसाठी पाठीवरचा अनुक्रमांक पुरेसा मानावा. निवेदनाचा मसुदा तेलुगूतही हवा. ज्यांना तो चांगला लिहिता येतो त्यांनी या महिन्याच्या आत आमच्याकडे पाठवावा, पुढच्या अंकात दोन्ही भाषांत छापू.